फुग्यावरची दाढी

आमच्या धंद्यात माणसाच्या गळ्यावर शिकायची सोय नाही. म्हणून आमच्या वडिलांनी आम्हा दोघा भावांना फुग्यावर शिकवलं. फुगा टम्म फुगवायचा, गाठ मारायची, ब्रशनं त्याला साबणाचा दाट फेस फासायचा आणि मग वस्तऱ्यानं तो फेस असा उतरवायचा की फुग्याला पत्ता लागता कामा नये. हात जरा हलला, पातं जरा उभं झालं, की फट्! आणि सगळा साबण आपल्या तोंडावर.

मी शिकताना एकशे बेचाळीस फुगे फोडले. वडील दोनशे म्हणायचे, पण वाढवून सांगायची खोड आमच्या घराण्यातच आहे. धाकट्यानं एकही फोडला नाही. हे मात्र खरं. पहिला फुगा हातात दिला तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. त्यानं फेस उतरवला, वरून हलकेच तुरटी फिरवली आणि फुग्याला विचारलं, "मिशी ठेवायची ना?" वडील हसले नाहीत. त्यांनी आपला स्वतःचा वस्तरा काढून त्याच्या हातात दिला. मी एकशे त्रेचाळिसावा फुगा फुगवत बसलो.

वडिलांच्या मागे दुकान आम्ही दोघांनी चालवलं. दोन खुर्च्या : दाराजवळची माझी, आतली त्याची; त्यामागे पडदा आणि पडद्यामागे आमचं घर. त्याच्या खुर्चीत माणसं झोपायची. एक गृहस्थ तर असे गाढ झोपले की उठेपर्यंत दाढी परत वाढलेली. पुन्हा करावी लागली. लोक धाकट्याकडे यायचे दाढीसाठी आणि माझ्याकडे यायचे ते त्याची खुर्ची रिकामी होईपर्यंत माझ्या बाता ऐकायला. समोरच्या इमारतीतल्या मास्तरांनी माझं नाव गप्पीदास ठेवलं होतं. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षं झाली होती, तरी समोरच्या माणसाकडे ते अजून उत्तरपत्रिका तपासल्यासारखे बघायचे.

धाकटा एकतीस वर्षांचा झाला आणि त्याची झोप गेली. आधी मला कौतुकच वाटलं. उजाडायच्या आत आरसे पुसून झालेले, कात्र्यांना धार लावून झालेली, आणि साहेब दुकानात तिसरी, चौथी, दहावी खुर्ची कुठं बसेल ते पावलांनी मोजताहेत. बोलायला लागला की मला, म्हणजे मला, मध्ये शिरायला फट मिळेना. तीन आठवडे हे चाललं. मग एके दिवशी तो भिंतीकडे तोंड करून निजला आणि उठेचना. खायचा ते चार घास, तेही माझ्या बायकोनं रागे भरल्यावर. एकदा तिला म्हणाला, "वहिनी, मी नसलो तर तुम्हाला ही खोली मोकळी होईल." ती ताटली खाली ठेवून उठली, पायांत चपला सरकवल्या आणि मला म्हणाली, "गाडी बोलवा. आत्ता."

मनाच्या आजारांचा दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. दाखल करायच्या कागदावर एक रकाना होता : व्यवसाय. तिथं माझं पेन अडलं. ज्याचं चित्त ठिकाणावर नाही त्याच्या हातात रोज वस्तरा असतो, हे सरकारी कागदावर कसं लिहायचं? उद्या दुकानाचा परवाना काढून घेतील. मी लिहिलं : कारकून. बायकोनं खांद्यावरून वाचलं. भांडायची ती जागा नव्हती, म्हणून तिनं फक्त माझ्याकडे बघितलं.

घरी आल्यावर मात्र तिनं सोडलं नाही.

"उद्या दुकानात कुणी विचारलं तर सांगा, आजारी आहे."

"काय झालंय विचारलं तर?"

"मनाचा आजार झालाय म्हणा."

"आणि मग त्याच्या वस्तऱ्यापुढे मान कोण वर करेल?"

"स्वतःच्या मूळव्याधीचं अख्ख्या गल्लीला सांगता, तेव्हा नाही लाज वाटत!"

आता मूळव्याध ही वेगळी गोष्ट. तिला कुणी घाबरत नाही.

दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक मास्तर. मी त्यांच्या गालाला फेस लावत होतो. त्यांनी आतल्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. "धाकटा कुठं आहे?"

खरं सांगतो, मी विचार केला नव्हता. माझ्या तोंडाला विचार लागतच नाही. "बोटीवर गेला," मी म्हणालो.

"बोटीवर? काय करायला?"

"दाढ्या करायला. भलंमोठं जहाज आहे, चारशे माणसं आहेत. त्यांना काय सहा महिने अस्वलं होऊन फिरायचं?"

मास्तर आरशातून माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "बरं झालं. समुद्राची हवा चांगली असते."

एकदा जहाज सुटलं की ते काय थांबतं? चार महिने ते माझ्या दुकानातून ये-जा करत होतं. ते इतकं लांब होतं की पुढच्या टोकाला केस कापून घेतलेला खलाशी चालत मागच्या टोकाला पोचेपर्यंत त्याचे केस पुन्हा कानावर आलेले. तुफानात म्हणे धाकटा वस्तरा हवेत नुसता स्थिर धरून उभा राहायचा. जहाज डुलायचं, गिऱ्हाईक पुढं-मागं व्हायचं आणि दाढी आपोआप व्हायची.

"ती उजव्या गालाची झाली," मास्तर म्हणाले. "डाव्या गालाचं काय?"

"तो परतीच्या प्रवासात, मास्तर."

दुकान हसून हसून लोळायचं. कुणी धाकट्याला कप्तान म्हटलं आणि तेच नाव पडलं. आमच्या गल्लीतलं कुणी कधी समुद्रापलीकडे गेलं नव्हतं. मास्तरांची मुलगी तेवढी परदेशात नोकरीला होती, पण मास्तर तिच्याबद्दल फार बोलत नसत. तेव्हा गल्लीनं कप्तानालाच डोक्यावर घेतलं. बायका माझ्या बायकोला विचारायच्या, पत्र आलं का? ती म्हणायची, "ह्यांना विचारा, ह्यांनाच येतात."

बुधवारी दुकान बंद असायचं आणि दवाखान्यात भेटायची वेळही बुधवारीच. धाकटा खिडकीजवळच्या बाकावर बसलेला असायचा. मी त्याचा हात हातात घेऊन बसायचो. जन्मभर बडबड केलेला माणूस मी, तिथं मला बोलायला काही सुचायचं नाही. मग परत येऊन मी दुकानात सांगायचो, कप्तानानं काल एका देवमाशाच्या मिशा कापल्या.

चार महिन्यांनी तो घरी आला. गाडीतून उतरला तर निम्मी गल्ली दारात. "आले, आले! कप्तान आले!"

त्यानं माझ्याकडे बघितलं. "दादा, हे काय?"

"काही नाही. हसून हात हलव."

त्यानं हात वर केला. तो आपोआपच हलत होता.

गोळ्यांनी हाताला कंप सुटला होता. फार नाही, चहाचा कप बशीवर वाजेल इतकाच. दुसऱ्या कुणाच्या घरात त्याकडे लक्षही गेलं नसतं. आमच्या घरात मात्र माणूस धड आहे की नाही याची एकच खूण होती. पहिल्याच बुधवारी मी दुकानाचं दार आतून लावलं, फुगा फुगवला, फेस फासला आणि वडिलांचा वस्तरा त्याच्यासमोर ठेवला.

फट्.

त्या दुपारी अकरा फुगे फुटले. तो तोंडावरचा साबण पुसत म्हणाला, "दादा, हे गोळ्यांमुळे होतंय. डोकं शांत आहे. खरंच शांत आहे. झोप लागते, भूक लागते. फक्त हात..."

मी ते ऐकलं. पण मी न्हावी आहे. माझ्या कानात त्याचं बोलणं शिरलं नाही, फुग्यांचा आवाज शिरला. मी वस्तरा उचलून खणात ठेवला आणि म्हणालो, "अजून वेळ आहे. होशील बरा."

मग तो फेस करायचा, पाणी द्यायचा, पडलेले केस झाडायचा. गिऱ्हाइकं म्हणायची, "कप्तान, आमची दाढी कधी?" आणि तो तोंड उघडायच्या आत मी म्हणायचो, "त्याला अजून जमिनीची सवय व्हायचीय हो. पायाखाली काही डुलत नाही म्हणून हात डुलतो." कुणी विचारायचं, देवमासा केवढा होता? तो माझ्याकडे बघायचा. "दादा सांगेल," म्हणायचा. दुपारी दोनची गोळी असायची. ती त्यानं पडद्यामागे जाऊन घ्यायची, असं मीच त्याला बजावलं होतं. बोटीवरून आलेला धडधाकट माणूस गोळ्या कसल्या घेतो, असं कुणी विचारलं असतं तर? गंमत बघा, त्याचंही उत्तर मी सहज दिलं असतं. पण मला ते द्यावं लागू नये म्हणून तो पडद्यामागे उभा राहून पाण्याशिवाय गोळी गिळायचा.

दर बुधवारी फुगा. दर बुधवारी फट्. दीड-दोन महिने असे गेले.

आणि मग एका बुधवारी फुगा फुटला नाही.

मी श्वास धरून बघत होतो. वस्तरा वरून खाली आला, वळला, गाठीपाशी थांबला. फुगा कोरडा, चकचकीत. हात कसा, तर दगडासारखा. मी त्याला मिठी मारली. त्या गडबडीत फुगा फुटला तो माझ्या कोपरानं. मी ओरडतच आत गेलो, "अगं, झाला! बरा झाला!"

बायको भांडी पुसत होती. तिला आनंद झालेला दिसला नाही. ती म्हणाली, "त्याचं गोळ्यांचं पाकीट पंधरा दिवस तसंच आहे. मी रोज बघते."

"बरा झालेला माणूस गोळ्या कशाला खाईल?"

"आणि झोपतो कुठं? काल रात्रभर फेऱ्या मारत होता."

"तू हात बघ त्याचा, हात!"

तिनं हात बघितला नाही, माझ्याकडे बघितलं. त्या दवाखान्यातल्या कागदाच्या वेळी बघितलं होतं, तसंच.

आतली खुर्ची परत चालू झाली. महिनाभर काय ते दिवस होते! कप्तानाच्या खुर्चीसाठी लोक बाकावर ताटकळायचे. आणि आता तो बोलायलाही लागला होता. माझ्यापेक्षा सरस बाता. जहाजावर बाग होती, बागेत तळं होतं, तळ्यात आणखी एक जहाज होतं. लोक मला म्हणायचे, "गप्पीदास, तुमची गादी गेली." मला अभिमान वाटला. आरसे उजाडायच्या आत पुसले जात होते, दुकानात पावलांनी जागा मोजली जात होती. हे सगळं मी आधी बघितलेलं होतं, आणि तरी मी त्याच्या हाताकडेच बघत राहिलो.

एका सकाळी तो दुकानात नव्हता. वस्तऱ्याची पेटी नव्हती. दुपारी फोन आला, बंदरावरून. बंदर आमच्यापासून बसनं सहा तासांवर. पहारेकरी म्हणाला, "तुमचा माणूस इथं आपलं जहाज शोधतोय. दोनदा खाली उतरवला. तिसऱ्यांदा चढला तेव्हा आमच्या पोरांनी जरा जोरात उतरवला. घेऊन जा."

तो पहारेकऱ्यांच्या खोलीत बाकावर बसला होता. ओठ फाटलेला, सदऱ्यावर रक्त, पेटी छातीशी धरलेली. मला बघून उभा राहिला आणि घाईघाईनं सांगायला लागला, "दादा, सगळी बघितली. एकूण एक. एवढं लांब एकही नाही. असं कसं रे?"

पहारेकरी तोंड फिरवून हसला. चूक त्याची नव्हती; माझ्या दुकानात याच वाक्याला टाळ्या पडल्या असत्या.

परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला आणि अखंड बोलत राहिला. मध्येच कधीतरी दमून गप्प झाला तेव्हा मी विचारलं, "तुला खरंच वाटलं होतं का रे, असं जहाज आहे म्हणून?"

"नाही," तो म्हणाला. "नाहीये ते मला माहीत आहे. पण मी बोटीवर होतो तेव्हा सगळ्यांना किती आवडायचो, दादा. म्हटलं, तिथंच जाऊन राहावं."

बस चालत होती. त्याचा हात माझ्या गुडघ्यावर होता, आणि तो जराही हलत नव्हता.

दवाखान्यातल्या डॉक्टर बाई वयानं धाकट्यापेक्षाही लहान असतील. त्यांनी जुना कागद काढला. "गोळ्या का सोडल्या त्यांनी? दर महिन्याला तपासणीला आले की मी विचारत होते, हाताचा काही त्रास? थोडा कंप आहे म्हणायचे, चालतंय म्हणायचे. मलाही वाटलं, कारकुनीच्या कामात एवढा कंप चालून जाईल."

"तो कारकून नाही," माझी बायको म्हणाली.

"मग?"

बायको माझ्याकडे वळली. म्हणजे हे मीच सांगायचं होतं. मी सांगितलं.

डॉक्टर बाई बराच वेळ त्या रकान्याकडे बघत होत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "मला माहीत असतं तर औषध बदलून बघितलं असतं. मात्रा कमी करता आली असती, कंपावर वेगळी गोळी देता आली असती. कदाचित जमलं असतं, कदाचित नसतं. पण त्यांना एकट्याला निवडावं लागलं नसतं."

या खेपेला त्याला सावरायला सात महिने लागले. अंधार आधीपेक्षा खोल होता. पहिले काही बुधवार तो माझ्याशी बोललाच नाही. औषधानं नव्हे, मला वाटतं, बोलायचंच नव्हतं त्याला.

पहिल्या बुधवारच्या दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं. बाकावर तिघं, खुर्चीत कोपऱ्यावरचा शिंपी, त्याच्या तोंडाला फेस. त्यानं विचारलं, "काय गप्पीदास, कप्तान परत बोटीवर का?"

मी वस्तरा खाली ठेवला. "बोट कधी नव्हतीच. तो वेड्यांच्या... नाही. तो मनाच्या आजारांच्या दवाखान्यात आहे. मागच्या वेळीही तिथंच होता."

मग अख्खं दुकान फुटलं. शिंप्यानं हात पुढे केला, "द्या टाळी! ही सगळ्यात भारी!" बाकावरून कुणी म्हणालं, "मग त्या दवाखान्याचं छप्पर किती उंच? आभाळाला डोकं लागू नये म्हणून पक्षी आडवे होऊन जातात का वरून?"

"मी खरं सांगतोय."

"तुम्ही नेहमी असंच सुरू करता!"

ते खरं होतं. जन्मभर मी प्रत्येक थाप याच शब्दांनी सुरू केली होती. आता मी म्हणत होतो, शपथेवर म्हणत होतो, आणि जितका जीव तोडून सांगावं तितके ते डोळे पुसत होते. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, तर कुणी म्हणालं, वा, नाटकात जायला हवं होतं यांनी.

आतला पडदा सरकला. बायको दारात उभी राहिली. "खरं आहे ते," ती म्हणाली, आणि आत गेली.

तिला आजवर खोटं बोलताना कुणी पकडलेलं नव्हतं. हसणं कापल्यासारखं थांबलं. शिंप्यानं हळूहळू आपल्या गळ्याला हात लावला. "मागच्या महिन्यात," तो म्हणाला, "त्यानं माझी दाढी केली. वस्तऱ्यानं."

"चांगली केली होती ना?"

"वस्तऱ्यानं!" त्यानं गळ्यातलं कापड ओढून काढलं आणि तसाच अर्ध्या फेसानिशी बाहेर पडला. त्याच्या मागोमाग बाक रिकामं झालं. एकटे मास्तर बसून राहिले.

पुढच्या आठवड्यापासून गल्लीची निम्मी डोकी पलीकडच्या रस्त्यावरच्या दुकानात जायला लागली. माझ्या बायकोला नळावर कुणीतरी विचारलं, "घरात तुम्हाला भीती नाही वाटायची?" ती म्हणाली, "वाटायची ना. तुमची." एका भल्या माणसानं, खरंच भल्या मनानं, मला सुचवलं की निदान ती आतली खुर्ची तरी विकून टाका. जणू खुर्चीला लागण झाली होती.

पण त्या सकाळचं राहिलं. दुकानात मास्तर आणि मी दोघंच होतो. ते उठून खुर्चीत बसले. मी त्यांच्या गळ्यात कापड बांधायला गेलो तर म्हणाले, "राहू द्या. कोणत्या वॉर्डात आहे तो? खालच्या की वरच्या?"

"तुम्हाला काय माहीत, वॉर्ड खाली-वर आहेत ते?"

"मी नऊ वर्षं जातोय तिथं. दर बुधवारी." ते आरशात बघत नव्हते, स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होते. "बायकांचा विभाग पलीकडे आहे. माझी मुलगी परदेशात नाही."

मी स्टुलावर बसलो.

"तुम्ही पहिल्या दिवशी बोट सांगितलीत, त्याच्या आदल्याच दिवशी मी त्याला तिथं बघितलं होतं. नंतर तुम्ही जिन्यावर दिसलात की मी औषधांच्या खिडकीमागे व्हायचो."

"आणि इथं बसून मला डाव्या गालाचं विचारत होतात?"

"मग काय विचारणार? मी तोंड उघडलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, मास्तर, तुम्ही तिथं काय करत होता?" त्यांचा आवाज चिरकला. आयुष्यभर चाळीस-चाळीस पोरांना गप्प बसवणारा तो आवाज. "तुमचं जहाज मला फार आवडायचं हो. मी घरी जाऊन हिला सांगायचो. आम्ही दोघं हसायचो. आमच्या घरात हसायला दुसरं काही नव्हतं. त्या पोराच्या जीवाशी खेळ चाललाय, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी मास्तर आहे."



त्यांच्यामुळे मला कळलं, दवाखान्यात बुधवारी भेटीची वेळ संपली की घरच्या माणसांची बैठक असते. एका खोलीत दहा-बारा प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या. बस चालवणारी एक बाई होती, तिचा नवरा आजारी. दोन बहिणी होत्या, आळीपाळीनं आईजवळ राहणाऱ्या. प्रत्येकानं आपापलं सांगायचं. माझी पाळी आली. मी म्हणालो, "माझा धाकटा भाऊ..." आणि पुढचं येईना. मी, ज्यानं देवमाशाला मिशा लावल्या! तोंड उघडं, आणि आत काही नाही. कुणी हसलं नाही. कुणी म्हणालं नाही, मग पुढं काय झालं? त्या बस चालवणाऱ्या बाईंनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला आणि पाळी पुढच्या माणसाकडे गेली. तिसऱ्या बुधवारी मला फुग्याचं सांगता आलं. तेव्हा मास्तर माझ्या शेजारच्या खुर्चीत होते. नऊ वर्षं ते त्या खोलीच्या दारावरून जात होते. आत आले ते माझ्याबरोबर, पहिल्यांदा.

सात महिन्यांनी धाकटा घरी आला. गल्लीत कुणी दारात आलं नाही. औषध बदललं होतं, मात्रा जुळवली होती. हात पुष्कळ सुधारला होता, पण पुरता नाही. बोटांच्या टोकांशी पाण्यावर उठते तशी शिरशिरी राहिली होती, आणि डॉक्टर बाईंनी खोटी आशा दाखवली नाही. घरी आल्यावरच्या पहिल्या बुधवारी मी फुगे आणले नाहीत. त्यानंच वडिलांचा वस्तरा काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

"तू वापर. पडून गंजेल."

मूठ त्याच्या अंगठ्यानं झिजून झिजून त्याच्याच आकाराची झाली होती. माझ्या हातात ती आजही बसत नाही. तसा हात मी परत बघितला नाही, आणि तुम्हीही बघणार नाही. हे मी वाढवून सांगत नाही.

मी म्हणालो, "लोकांना मी सांगतो, नीट समजावून—"

"नाही," तो म्हणाला. "माझ्याबद्दल तू आता काही बोलायचं नाहीस, दादा. खोटं तर नाहीच. खरंही नाही."

"मग कोण बोलणार?"

"मला तोंड आहे."

तेव्हापासून अशी पद्धत पडली आहे. आतल्या खुर्चीत कुणी नवं बसलं, की कापड बांधायच्या आधी तो समोर येऊन सांगतो. पहिल्या दिवशी सांगायला त्याला तीन वेळा थांबावं लागलं होतं. आता एका दमात सांगतो. "मला मनाचा आजार आहे. औषध चालू आहे. त्यानं हात जरा हलतो, म्हणून वस्तरा मी धरत नाही, दाढी दादा करेल. केस मी मशीननं कापतो. चालेल?"

काहींना चालतं. मास्तर त्याच्याकडेच बसतात. त्यांच्या केसांची डावी बाजू जरा वर-खाली होते, त्याला ते हरकत घेत नाहीत. शिंपी अजून आलेला नाही. बाकी कुणी लगेच उठतं, कुणी लाजेनं बसून राहतं आणि पुढच्या खेपेला येत नाही. ते मोजायचं नाही असं आम्ही घरात ठरवलं आहे. बायको सोडून कुणी मोजत नाही.

गेल्या शनिवारी एक तरुण माणूस आला. इस्त्रीचा सदरा, हातात कागदांची पिशवी; कुठंतरी मुलाखतीला निघालेला दिसत होता. माझी खुर्ची भरलेली, म्हणून आतल्या खुर्चीत बसला. धाकट्यानं समोर जाऊन आपलं सांगितलं. त्या तरुणानं त्याच्याकडे बघितलं नाही, आरशातून माझ्याकडे बघितलं. जणू मी काहीतरी बोलेन, गंमत होती म्हणेन, आणि सगळं सोपं होऊन जाईल.

माझ्या जिभेवर तीन थापा तयार होत्या. तिन्ही चांगल्या होत्या. एका थापेनं तो हसला असता आणि बसला असता. मी समोरच्या गिऱ्हाइकाच्या हनुवटीकडे बघत राहिलो आणि पातं खाली आणलं.

"मला जरा घाई आहे," तो तरुण उठत म्हणाला. "नंतर येतो."

"या," धाकटा म्हणाला.

त्यानं हातातलं कापड झटकलं. त्यावर एकही केस नव्हता, तरी झटकलं, घडी घातली आणि बाकाकडे वळला. बाकावर दोघं होते.

"पुढं कोण?"

एकानं वर्तमानपत्र डोळ्यांपर्यंत वर घेतलं. दुसरा अजून ठरवत होता, आणि धाकटा त्याला वेळ देत उभा होता.